गव्हाची बिअर आणि आईचं नाक

बारमध्ये काम करतो आणि दारू पीत नाही, म्हटलं की लोक हसतात. हसा. अंधेरीत चौदा वर्षं बार सांभाळतोय. रोज नवं काहीतरी बनवतो, पण चव घेतो ती स्ट्रॉच्या टोकावरचा थेंब जिभेवर ठेवून. मग थुंकतो. पोटात काही जाऊ देत नाही. आईला शब्द दिलाय.

आमचे बाबा गिरणी बंद पडल्यावर प्यायला लागले आणि पिता पिताच गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. ते दारात आले की आई म्हणायची, "हा करा." ते तोंडाने श्वास सोडायचे आणि ती निमूट आत वळायची. मला वाटायचं, तिला वासाची किळस आहे.

मी बारमध्ये लागलो तेव्हा तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी दिंडोशीच्या आमच्या घराच्या दारातच अडवलं. "तोंड उघड. हा कर." तेव्हापासून रोज. चाळिशी आली माझी, बायको हसते, तरी करतो. राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण वास आला नाही की तिच्या जिवात जीव यायचा, ते बघून गप्प बसायचो.

गेल्या वर्षी मालकाने नवं खूळ काढलं. व्हिस्कीच्या कॉकटेलवर गव्हाची बिअर. व्हिस्की, लिंबू, आलं घातलेला मधाचा पाक, सगळं बर्फात शेक करून ग्लासात गाळायचं आणि ग्लास तिरका धरून वरून हळूच गार बिअर सोडायची. या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, थोडा लवंगेचाही. मला पहिले दोन ग्लास छान लागले. मालकाने तोंड वाकडं केलं.

"कडू झालंय. थुंकून बिअर कशी कळणार तुला? तिचा कडवटपणा घशात कळतो. गिळ ना यार!"

बरोबर बोलत होता, तिथेच तर वाट लागली. तिसऱ्यात लिंबू कमी केलं, पाक वाढवला आणि एक घोट गिळला. मग चौथ्याचा एक. चौथा झकास जमला होता. मला स्वतःचा अभिमान वाटला, काय सांगू.

दुपारीच सुटलो. चूळ भरली, मूठभर बडीशेप खाल्ली. वाटेत ठरवलं, आईला सरळ सांगायचं, कामासाठी दोन घोट घेतले, बस.

घरात ती एकटीच होती. चटईवर आडवी, डोळा लागलेला. मी शेजारी बसलो, वाकून हाक मारली, "आई." तिने डोळे उघडले नाहीत. नुसतं नाक हललं.

"इलात?" ती म्हणाली.

मला ती तिच्या मालवणीत 'इलंस?' म्हणते, आलास का. 'इलात?' हे बाबांसाठी होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अगं मी आहे, एवढं म्हणायचं तरी तोंड उघडावं लागणार होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

झोपेतच तिने दोन्ही हात डोक्यावर धरले, अंग चोरलं.

"आज मारू नकात," अगदी दबक्या आवाजात म्हणाली. "पोरगो आत्ताच निजलोहा. तो उठतलो."

बाबा तिला मारायचे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.