काका नापास झाले तेव्हा

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार डोंबिवलीच्या खाडीकाठी राहणाऱ्या एका आगरी काकांचे आहेत. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझं कौतुक सगळ्यांनी केलं. काकांनी त्याचं टोपणनावच करून टाकलं. ते मला आजही 'ग्रॅज्युएट' म्हणतात, आणि माझा काही वेंधळेपणा दिसला की जरा मोठ्याने म्हणतात.

मी मुरबाडच्या शाळेत शिकलो, कॉलेजसाठी कल्याणला आलो आणि ठाकुर्लीला खोली घेतली. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून पुस्तक घेऊन खाडीवर जायचो. काका तिथे आपल्या शिडाच्या जुन्या होडीत बसलेले असत. एकदा त्यांनी विचारलं, "काय वाचतस रं?" मी म्हटलं, भौतिकशास्त्र, वाऱ्याचा दाब वगैरे. "मंग बस होरीन, दावतो." त्या दिवशी मी दोर सोडायच्या वेळी ओढला आणि ओढायच्या वेळी सोडला. काका इतकंच म्हणाले, "पुस्तक सुका ठेव."

पदवी मिळाल्यावर मी प्रशिक्षकाचा कोर्स केला. आता ठाण्याच्या खाडीवर एका छोट्या क्लबात शिडाची होडी चालवायला शिकवतो. शिकणारे बहुतेक नोकरदार, कामाला वैतागलेले. नौपाड्याचे एक दातांचे डॉक्टर सुकाणू असं आवळून धरायचे, की मला म्हणावं लागायचं, "डॉक्टर, त्याला दुखतंय." पण चार-सहा आठवड्यांनी एखाद्या सकाळी हात सैल पडतो, मान आपोआप वाऱ्याकडे वळते आणि माणूस बोलायचा थांबतो. त्या वेळी मी होडीतलं जास्तीचं सामान असतो. तसं होण्यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

काकांची होडी पुढे विकली गेली. गुडघ्यांना झेपेना आणि घरच्यांनी आग्रह धरला. म्हणून मी त्यांना क्लबात मदतीला बोलावलं. दर रविवारी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत ते यायचे. शिडाला हात लागायचा तो आठवड्यातून तेवढाच. सून सांगायची, शनिवारपासूनच चप्पल दाराकडे तोंड करून ठेवतात.

मग क्लबाचा नवा नियम आला. शिकणाऱ्यांबरोबर होडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे प्राथमिक परीक्षेचं प्रमाणपत्र हवं; नसेल त्याने काठावर थांबायचं. परीक्षा घेणारा मी.

काकांनी सगळ्या गाठी माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता मारल्या. पाण्यावर तरंगणाऱ्या तीन बोयांना वळसा घालून आले तेव्हा त्याच दिवशी परीक्षेला बसलेल्या डॉक्टरांचा अजून पहिलाच वळसा चालला होता. शेवटची पायरी होती होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करायची. काकांनी शीड उतरवलं आणि जेट्टीला लागले.

"नाय करनार," ते म्हणाले.

मला वाटलं, वयामुळे भीती वाटत असेल. मी फळा आणला, होडीचं चित्र काढलं, बाण काढले आणि उलटी होडी का बुडत नाही ते वीस मिनिटं समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झाला? आता चा पाज."

चहा पिताना डॉक्टरांनी धीर दिला, "काका, अहो मीपण उलटवली. काही होत नाही."

"तू तर रोजच उलटवतस, डाक्तर. तुला कोन बोलतो?"

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. कप खाली ठेवून माझ्याकडे वळले. "आमचे गावान पान्यावर उलटी होरी दिसली का बाया घराभाईर येतान. कोनाचा मानूस गेला, ते बघाला. नारळ देतो रं आमी तिला. ती मी माझे हातान पालथी घालू?"

मी फळा पुसून टाकला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी वारा शिकलो होतो आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सही माझीच असल्यामुळे पास करणं सोपं होतं. तीन रात्री तोच विचार केला. पण बरोबरचा शिकणारा चुकला, होडी उलटली, तर ती सरळ करणारा माणूस आत हवाच. फोनवर सांगायला गेलो तर "निकाल लेखी दे, ग्रॅज्युएट," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पत्र लिहिलं. ते नातीने वाचून दाखवलं आणि रविवारी काका आले. आज त्यांचं प्रमाणपत्र क्लबाच्या कपाटात आहे. माझ्याकडे त्या पत्राचा कच्चा खर्डा आहे, तो असा:

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

निकाल कळवतो. तुम्ही नापास आहात. हा शब्द नातीने शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा वाचू नये.

खोटी सही करता आली असती. पण तुमच्या होडीत बसणारा बुडता कामा नये, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणि फळ्याबद्दल माफी असावी. मी भीतीचं उत्तर देत बसलो, तुम्हाला भीती नव्हतीच.

मी कमिटीशी बोललो. होडी सरळ करणं तुम्हाला आलंच पाहिजे. उलटवायचं काम दुसऱ्या कोणी केलं तरी त्यांना चालेल. तर रविवारी मी तुमच्या होडीत बसेन आणि ती मी उलटवेन. दोष माझा. नारळही मी आणीन, आधी तिची माफी मागून घेऊ. सरळ तेवढी तुम्ही करा.

पाण्यात पडल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा, फक्त डॉक्टरांसमोर नको.

भरती सकाळी नऊला आहे. कोरड्या कपड्यांचे दोन जोड आणा. तुमचा सदरा मला ढगळ होतो, पण चालेल.

तुमचा,
ग्रॅज्युएट