बाबांनी न घेतलेली खुर्ची

डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांना पाहून पन्नाशीचा एक माणूस उठला. ‘बसा सर,’ म्हणाला. खुर्ची पुढे सरकवताना त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता.

‘माझे विद्यार्थी का?’ बाबांनी विचारलं.

‘तुम्ही कुलगुरू होतात, तेव्हा फीवाढीच्या आंदोलनात होतो. पोलीस आवारात शिरले, त्या दिवशी हा हात मोडला.’ आवाजात राग नव्हता.

पोलिसांना बाबांनीच बोलावलं होतं. ‘बाबांनी विद्यापीठ वाचवलं,’ असं आमच्या घरी अभिमानाने सांगतात. मीही सांगत आले. आमच्या त्या गोष्टीत कधी कुणाचा हात मोडत नसे. मला मान वर करवेना.

‘बसा ना, सर.’

बाबा बसले नाहीत. त्यांना आत बोलावेपर्यंत दोघे त्या रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे होते.