पाठ फिरवून निवडलेला रिसीव्हर

बिरुदेवनं चार महिने रिसीव्हरचा असा अभ्यास केला, की तेवढा शाळेत केला असता तर मास्तरांच्या निम्म्या छड्या वाचल्या असत्या. होम थिएटरमध्ये आवाज आधी घेऊन मग स्पीकरांना वाटून देणारी पेटी म्हणजे रिसीव्हर, हे तो आता झोपेतही सांगायचा. वहीत डावीकडं एका कंपनीचे वॅट, उजवीकडं दुसरीचे. जुळे सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटवर कुणी चहाला आलं की वही निघायची आणि पाहुणा घाईघाईनं कप रिकामा करायचा.

हा सगळा खटाटोप एका ओवीसाठी होता. त्याचा बाप धुळाप्पा – बिरुदेव त्याला अण्णा म्हणायचा – मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. बिरोबापुढं ओव्या म्हणायचा. गेल्या वर्षी तो वारला. त्याआधी त्याच्या नातीनं, म्हणजे बिरुदेवच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं त्याची एक ओवी मोबाइलवर घेऊन ठेवली होती. पण बिरुदेवनं मोबाइल कानाला लावला की बाप भिंतीपलीकडून पुटपुटल्यासारखा वाटायचा. टीव्हीला जोडून बघितलं, तरी तेच.

"ह्या डबड्यांत दमच न्हाय," तो म्हणायचा. "अण्णाच्या आवाजाला मोठी पेटी पायजे."

डबड्यांत दम होता. बत्तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये धोट्यांची खडखड सोसून बिरुदेवचे कान गेले होते. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण तोंडावर सांगायची छाती कुणाची नव्हती. आणि खरं सांगायचं तर, त्यालाही आतून ठाऊक असणार. नाहीतर माणूस चार महिने वही भरत बसत नाही.

अखेर प्रियदर्शनी त्याला दुकानात घेऊन गेली. तिथल्या विक्रेत्या मुलीनं, सोनमनं, बिरुदेवच्या वहीतले दोन रिसीव्हर शेजारी-शेजारी ठेवले, मोबाइल जोडला आणि समोरचा सोफा दाखवला. बिरुदेव बसला नाही. धुळाप्पा बाजारात मेंढीसाठी घंटी घ्यायचा तेव्हा ती विकणाऱ्याला वाजवायला लावायचा, आणि स्वतः लांब जाऊन पाठ फिरवून उभा राहायचा. माळावर मेंढरू दिसेनासं झालं, की घंटीनंच सांगायचं असतं. ज्या घंटीला तो वळून बघेल, ती घ्यायची.

"मी रस्त्याच्या पलीकडं हुबा ऱ्हातो," बिरुदेव म्हणाला. "एक झाला की दुसरा लाव. आवाज मोठा ठेव."

सोनम गोंधळली. "काका, एवढ्या ट्रॅफिकमध्ये कसं ऐकू येणार?"

"एवढीशी घंटी माळभर ऐकू येती की! ही तर केवढी पेटी!"

पलीकडं रसाचा गाडा होता. बिरुदेव दुकानाकडं पाठ करून त्याच्यासमोर उभा राहिला. वाट बघितली. पोरी अजून वायरी जोडत असतील, असं म्हणून आणखी वाट बघितली. मग रसवाल्यानं चरक थांबवला आणि त्याच्या खांद्यावरून दुकानाकडं बघितलं. रस पिणाऱ्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि दुकानाच्या दिशेनं हात जोडले.

ओवीत बिरोबाचं नाव आलं होतं.

बाप बारा पावलांवर गात होता, परका म्हातारा त्याला हात जोडत होता, आणि पोटच्या पोराच्या कानात फक्त मागाची जुनी घरघर होती. तो वळला नाही. वळावं असं त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला. प्रियदर्शनी होती. तिचे ओठ बघून त्याला कळलं, "आबा, दोन्ही लावून झाले. कुठला घ्यायचा?"

"तुला कुटला बरा वाटला?"

"दुसरा. त्यात आज्जा मधे दम घेतो ना, ते पण ऐकू येतंय. अगदी जवळ बसल्यासारखं." बोलता बोलता तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

बिरुदेवनं वहीची सुरळी केली.

"मग त्योच घे," तो म्हणाला. "आन् घरी लावशील तवा मला सांगत जा, आता अण्णा गातोय म्हणून."