मागे बघण्याचं काम

वुबिनाचं सगळं आयुष्य नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेन शहरात सायकलवर गेलं. शाळा, बेकरीतली नोकरी, पोटुशी असतानाचे दवाखान्याचे फेरे, सगळं तिच्यावरूनच. लग्न झालं आणि रस्त्यावरची तिची बाजू ठरली. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून नवरा हार्म डावीकडे, गाड्यांच्या अंगाला; ती त्याच्या उजवीकडे, कडेने. दोघं गप्पा मारत शेजारी शेजारी जायची. डावीकडे वळायचं आलं की हार्म मागे बघून "चल" म्हणायचा आणि ती हात दाखवून वळायची. चाळीस वर्षं तो संसार असाच चालला.

या हिवाळ्यात हार्म गेला. नंतरच्या एका रविवारी ती एकटीच चर्चला निघाली. पुलापाशी नेहमीसारखा हात काढला आणि वळली. मागून सायकलवर येणारी एक तरुणी तिला चुकवताना आडवी झाली. गुडघा सोलवटला, पिशवीतली अंडी फुटली.

"आजी, हात दाखवला की झालं? मागे कोणी बघायचं?"

वुबिनाने तिला हात देऊन उठवलं. उत्तर होतं, पण ते दफनभूमीत झोपलं होतं.

संध्याकाळी मुलगी इनेके आली. सायकल विकून टाक, कुठे जायचं असेल तर फोन कर, मी गाडीतून नेईन, म्हणाली. पोरगी मायेनेच बोलत होती. पण वुबिनाला दिसलं ते वेगळंच: भाजीला, चर्चला, हार्मच्या थडग्याला जायचं म्हणून कोट घालून, खिडकीशी बसून कोणाची तरी वाट बघणारी म्हातारी.

"वयाचा दोष नाही गं," ती म्हणाली. "मी मागे कधी बघितलंच नाही. ते काम तुझ्या बाबांचं."

"म्हणजे इतकी वर्षं डोळे झाकून वळत होतीस?"

"डोळे झाकून नाही. विश्वासाने."

"आई, मागून येणाऱ्याला तुझा विश्वास दिसतो का?"

शेवटी ठरलं. शिकून दाखवलंस तर सायकल राहील, नाहीतर विकायची. बाजार उठला की रिकाम्या मैदानात इनेके मागे उभी राहून बोटं दाखवायची. वुबिनाने सरळ जात, मागे बघून ती किती ते सांगायचं. मान वळली की सायकलही वळायची. एकदा तर कचऱ्याच्या डब्याशीच गाठ पडली.

"तीन," वुबिना ओरडली.

"मूठ आहे ती."

रोज रात्री प्रार्थनेत ती आपली पाठ देवाच्या हवाली करायची. त्या रात्री तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. मानही त्यानेच दिलेली होती की. मग ती रोज मैदानात जाऊ लागली. हळूहळू मान वळली तरी हात डगमगेनासे झाले.

परीक्षेच्या रविवारी वुबिना पुढे आणि इनेके तिच्या मागे सायकलवर होती. पूल आला. वुबिनाने मागे बघितलं. इनेकेच्या मागून बस येत होती. वुबिना कडेला थांबली. बस गेली. पुन्हा बघितलं, तर एक टेम्पो. तोही तिने जाऊ दिला. पलीकडे चर्चची घंटा थांबली.

"आई, उशीर होतोय. चल की आता," इनेके म्हणाली.

"देव थांबेल गं. टेम्पो नाही थांबायचा."

तिने आणखी एकदा खांद्यावरून नीट बघितलं. रस्ता मोकळा होता. मग हात काढला आणि वळली. इनेके मात्र मागे न बघताच तिच्या पाठोपाठ वळली.