‘काकू, तुम्ही बाजूला व्हा’

रांझीला, तिकडे हिंदी मुलखात, आमच्या शेजारी दोन भाऊ भाड्याने राहत. दोघंही फॅक्टरीत कामाला. आई, थोरल्याची बायको, असं घर. एका रविवारी दुपारी नळावरून भावांची जुंपली. धाकटा सकाळपासून पीत होता. आतून लोखंडी सळई घेऊन आला तेव्हा त्याच्या झोकांड्या जात होत्या. मी भांडण सोडवायला दोघांच्या मध्ये उभी होते. त्याने माझा दंड धरून मला सरकवलं. “काकू, तुम्ही बाजूला व्हा, लागेल तुम्हाला.” मग थोरल्याच्या डोक्यात सळई घातली. थोरला तिसऱ्या दिवशी गेला.

मी पोलिसांना जे झालं ते सगळं सांगितलं. साक्षीचं समन्स आलं तेव्हा कुठे त्या वाक्याचं वजन कळलं. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला ‘मला काही कळत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. पण जीवच घ्यायचा होता, हा हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. तो इतका प्यायला होता की असा हेतू मनात धरणंच शक्य नव्हतं, एवढंच त्याच्या वकिलाला दाखवायचं होतं. तसं झालं तर खुनाचं कलम उतरून शिक्षा कमी होणार होती; आड येत होतं ते त्याचं मला बाजूला करणं.

साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांची आई आली.

“खोटं नको बोलू. तो तुझ्याशी बोलला, तेवढं आठवत नाही म्हण. एक गेला माझा. दुसऱ्याले तरी येऊ दे.”

मी चहा ठेवला. कप तिच्या हातात दिला.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, “मारने से पहले आपसे कुछ कहा?”

मी सांगितलं. शब्द न शब्द.

नंतर त्याच्या वकिलाने विचारलं, “पैर लड़खड़ा रहे थे?”

“जी, बहुत.”

हेही खरंच होतं. धाकटा पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जड गेलं.

निकालात माझी साक्ष आली. कोणाला वाचवायचं हे ज्याला समजत होतं, त्याला कोणाला मारायचं हेही समजत होतं, असा त्याचा अर्थ. जन्मठेप झाली.

थोरल्याची बायको सासूला घेऊन महाराजपूरला राहायला गेली. दिराने आपल्या नवऱ्याला मारलं, तरी सासूला तिने टाकलं नाही. सामान चढत असताना म्हातारीने माझ्याकडे पाहिलं नाही. सून मात्र येऊन घरमालकाला द्यायची किल्ली माझ्या हातात ठेवून गेली.