रुसलेलीचं कव्हर

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि कोणाच्याही शब्दावर जायचं नाही, असा त्याने कानाला खडा लावला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. गिऱ्हाईक अडलेली मशीन आणून ठेवतं आणि शपथेवर सांगतं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली." उघडून बघावं तर आत मोडकी सुई, दोऱ्याचा हा एवढा गुंता, आणि एकदा तर चक्क चमचा. तीस वर्षं हेच बघितल्यावर माणूस समोरच्याचं तोंड बघत नाही, हात बघतो.

घरीही तेच. पाकीट आलं की आधी त्याचा डिंक तपासायचा, कोणी उघडून पुन्हा चिकटवलंय का ते. बायकोने आणलेली भाजी पुन्हा वजनकाट्यावर टाकायचा. बायको म्हणायची, "लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली अंगठीसुद्धा तुम्ही दगडावर घासून बघितली होती."

"आणि ती पितळेची निघाली," तो म्हणायचा. हे दुर्दैवाने खरं होतं, त्यामुळे बायकोचा वाद दरवेळी तिथेच संपायचा.

असल्या माणसाला फ्रेंच गाण्यांचा नाद कसा लागला, याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटे. झालं ते असं. एका म्हातारीने जुनी मशीन मोडीत काढली आणि ती यानेच सुट्या भागांसाठी घेतली. टेबलाच्या खणात रिकाम्या बॉबिनींखाली तीन लहान तबकड्या होत्या, साठच्या दशकातल्या, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरातल्या. कव्हरांवर कपाळभर केस सोडलेल्या पोरी. त्याने त्या घरातल्या जुन्या प्लेअरवर लावून बघितल्या, अर्थात म्हातारीने काही लपवलंय का याच संशयाने. आणि तो तिथेच स्टुलावर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. त्याला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पुढेही त्याने ते शिकून घेतलं नाही. शब्द कळले की हा माणूस खोटं तर बोलत नाही ना, हे बघावं लागतं. इथे ती भानगडच नव्हती. पोरगी गात होती आणि त्याला तिच्यावर विश्वास ठेवायची किंवा न ठेवायची गरज नव्हती. दिवसभरात एवढीच एक वेळ त्याच्या जिवाला आराम मिळायचा.

मग जुन्या बाजारातून, परदेशातल्या दुकानदारांना पत्रं पाठवून, त्याने चौऱ्याऐंशी तबकड्या जमवल्या. गाजलेल्या गायिका त्याला नकोच होत्या. त्याला हव्या होत्या एक-दोन रेकॉर्ड काढून गडप झालेल्या, ज्यांचं नाव त्यांच्या देशातसुद्धा कोणी घेत नसेल अशा. तबकडी आली की डोळ्याला भिंग लावून मधल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला बारीक नंबर वाचायचा, नक्कल तर नाही ना गळ्यात मारली म्हणून. नावं उच्चारता येत नसल्यामुळे त्याने चित्रांवरून आपलीच नावं ठेवली होती. छत्रीवाली, सायकलवाली, दोन वेण्यांची. आणि सगळ्यांत वरची रुसलेली. खिडकीकडे तोंड करून बसलेली, अर्धाच गाल दिसणारी एक पोरगी. तिची ही एकच तबकडी. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तिला मधेच हसू फुटतं आणि ते कोणी कापलेलं नाही. दुसरी प्रत आहे का म्हणून त्याने सहा दुकानदारांना विचारलं होतं. पाचांनी नाही म्हणून कळवलं, सहाव्याने हो म्हटलं आणि तो लबाड निघाला.

हा खजिना तो मशीनच्या दोन जुन्या लाकडी झाकणपेट्यांत कुलूप लावून ठेवायचा. पण कुलपावर तरी कसा विश्वास ठेवणार, कुलपं दुरुस्त करणारे याच्याच ओळखीचे! म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. कुठलीच तबकडी स्वतःच्या कव्हरात नसायची. प्रत्येक तबकडी तीन कव्हरं पुढे. चोराने रुसलेलीचं कव्हर पळवलं तर त्याच्या हाती लागणार कोणी भलतीच. हा हिशेब त्याने कागदावर उतरवला नव्हता, बायकोलाही सांगितला नव्हता.

ही गाणी ऐकायला घरात एकाच माणसाला परवानगी होती, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला. अकरा वर्षं दर रविवारी चार वाजता तो यायचा. हातात कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र आणि वाटेत घेतलेले टोमॅटो. खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. पेटीला हात लावायचा नाही हा नियम त्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो त्याने पाळला. दोघं एकमेकांना अरेतुरे करायचे. मिस्त्रीला मित्र म्हणावा असा तो एकच होता.

पण संशयाला मित्र कळतो थोडाच. एका रविवारी मिस्त्रीच्या लक्षात आलं की सलूनवाल्याचे डोळे मिटलेले नाहीत. तो कव्हरांकडे बघत होता. शिवाय म्हणाला, "गंमत आहे रे. गाते छत्रीवाली, पण तू काढलीस दुसऱ्याच कव्हरातून."

झालं. मिस्त्रीची झोप उडाली. बुधवारी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि तीनाची पाच करायला घेतली, म्हणजे सगळ्या तबकड्या आता पाच कव्हरं पुढे. काम अर्ध्यावर आलं असताना गणवेश शिवणारी बाई दारात ओरडायला लागली. मशीन अडली होती, सकाळी शाळेत चाळीस गणवेश द्यायचे होते. याने हातातली तबकडी कव्हरात सरकवली, पेटीला कुलूप घातलं आणि गेला. उरलेलं काम गुरुवारी आठवेल तिथून पुरं केलं.

रविवारी सलूनवाला आला. दोन गाणी झाली. मिस्त्री पाणी आणायला दीड मिनिट आत गेला. परत येऊन त्याने रुसलेली काढायला तिच्या कव्हरापासून पाचव्या कव्हरात बोटं घातली, तर कव्हर रिकामं.

त्याने दोन्ही पेट्यांतल्या सगळ्या कव्हरांत बोट घालून बघितलं. त्र्याऐंशी कव्हरांत तबकडी होती, एकात नव्हती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?" सलूनवाल्याने विचारलं.

"पिशवी उघड."

सलूनवाल्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने मिस्त्रीचं तोंड बघितलं आणि पिशवी टेबलावर उलटी केली. टोमॅटो घरंगळत खाली गेले. वर्तमानपत्र, एक कंगवा, ब्लेडचं पाकीट.

"शर्ट वर कर."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. "अहो, काय चाललंय हे?"

सलूनवाल्याने शर्ट वर केला. आत बनियन आणि साठीतलं सुटलेलं पोट. मग त्याने शर्ट खाली केला, वाकून एकेक टोमॅटो गोळा केला आणि गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं.

काही सापडलं नाही म्हणून मिस्त्रीचा संशय कमी झाला असेल, तर तुम्ही मिस्त्रीला ओळखलंच नाही. माल खिडकीतून आधीच पार झाला असणार! शांतपणे गेला, म्हणजे तयारीचाच गडी. "केसाने गळा कापला माझा," तो बायकोला म्हणाला, "आणि धंदाही तोच त्याचा." त्याने दाढी करायला रस्त्यापलीकडचं दुसरं सलून धरलं. तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी कान कापला, म्हणून मिस्त्रीने दाढी वाढवली. खुंट टोचायचे. रविवारी चार वाजले की तो दाराकडे बघायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा.

सहा आठवडे घरात गाणं लागलं नाही. सातव्या रविवारी बायको म्हणाली, "ती सायकलवाली तरी लावा. घर खायला उठलंय." तबकडी कुठे आहे याचा हिशेब बायकोला माहीत नव्हता, म्हणून त्याने पेटी उघडताच तिने सरळ सायकलवालीचं कव्हरच उपसून त्याच्या हातात दिलं. त्याने ते तिरकं केलं. एक तबकडी बाहेर आली. आणि तिच्या मागोमाग दुसरी.

दुसरी रुसलेली होती. बुधवारी, गणवेशवाली ओरडत असताना, त्याने स्वतःच्या हाताने ती भरलेल्या कव्हरात घातली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "त्या माणसाला माझ्यासमोर शर्ट वर करायला लावलात तुम्ही. जा आधी. चहा नंतर."

सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाला वर्तमानपत्र वाचत होता. त्याने वर बघितलं.

"बसा," तो म्हणाला.

अकरा वर्षं अरेतुरे करणारा माणूस 'बसा' म्हणाला. मिस्त्री बसला. अंगावर कापड आलं, गालांना फेस लागला, आणि वस्तरा गळ्यापाशी येऊन थांबला.

"मान वर करा."

ज्याला आपण चोर ठरवलं, त्याच्या हाती गळा देऊन मिस्त्री आढ्याकडे बघत राहिला. त्याला घाम फुटला होता. "सापडली," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "सायकलवालीच्या कव्हरात होती."

"माहीत होतं."

मिस्त्री दचकला. सलूनवाल्याने वस्तरा वेळेत मागे घेतला.

"हलू नका. त्याच दिवशी बघितलं होतं मी. कव्हराचं पोट फुगलं होतं. दिवसभर लोकांचे गाल बघतो, सूज मला लगेच दिसते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता? 'तुला बरं माहीत, तूच लपवलीस तिथे.'"

अगदी हेच म्हणाला असता मिस्त्री, शब्द न् शब्द.

दाढी पुरी झाल्यावर मिस्त्रीने घरून आणलेल्या पिशवीतून रुसलेली काढली. ती आज तिच्या स्वतःच्या कव्हरात होती. "चुकलो मी. ही घरी घेऊन जा. ठेव तुझ्याकडे, पाहिजे तितके दिवस."

"करू काय घेऊन? आरसे पुसू?" सलूनवाला पहिल्यांदाच जरा हसला. "माझ्याकडे प्लेअर नाही. कधीच नव्हता."

अकरा वर्षं या माणसाच्या हातांवर मिस्त्रीची नजर होती. पण तुझ्या घरी प्लेअर आहे का, एवढं साधं त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"रविवारी ये," तो कसाबसा म्हणाला.

"बघू."

रविवारी चार वाजता सलूनवाला आला. मिस्त्रीने दोन्ही पेट्या उघडून त्याच्यासमोर ठेवल्या. सगळ्या तबकड्या त्याने आपापल्या कव्हरांत परत घातल्या होत्या. "तुला हवी ती काढून ठेव, मी पाणी आणतो," तो म्हणाला आणि आत गेला. माठापाशी पेला हातात धरून उभाच राहिला. बाहेर कान जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडून ठेवला. मनात सेकंदांचे आकडे यायला लागले की तो मान हलवायचा. बायको हळूच म्हणाली, "किती वेळ? पाणी वाहून चाललंय." तरी तो आणखी थोडा थांबला.

बाहेर आला तेव्हा सलूनवाला होता तसाच बसला होता, हात मांडीवर ठेवून. पेटीतलं एकही कव्हर हललं नव्हतं.

"काढली नाहीस?"

"तूच लाव," सलूनवाला म्हणाला.

'तू' परत आला म्हणून मिस्त्रीला इतका आनंद झाला की सुई ठेवताना त्याचा हात चुकला. रुसलेली गायला लागली, तिसऱ्या गाण्याच्या शेवटी हसली. दोघंही हसले. मग जायची वेळ झाली आणि सलूनवाल्याने सवयीने खुर्चीखाली पिशवीसाठी हात घातला. तिथे पिशवी नव्हती. त्याने ती आणलीच नव्हती. टोमॅटो तो आता घरी जाताना, मिस्त्रीच्या घरून निघाल्यावर घेतो.