नळाच्या खड्ड्यात पडलेला फोन

फोन सिंकमध्ये पडला आणि तुम्ही दोघांनी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, असं तुमच्या आईकडून कळलं. आधी तो बाहेर काढा. मग हे वाचा.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आपलं शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. दिवस ठरलेला, वेळ नाही. दाब इतका कमी की अंगणात कमरेइतका खड्डा खणून नळ तळाशी बसवावा लागे. व्हॉल्व्ह सोडण्याआधी लाइनमन गल्लीतल्या एकाच घरी फोन करी. ते घर आपलं होतं. त्याचा फोन आला की मी वहीतल्या क्रमाने बाकीच्या अकरा घरांना फोन करत असे. आधी नमस्कार, मग निरोप. हे काम मला कुणी दिलेलं नव्हतं, पण ते माझं होतं आणि मला फार प्रिय होतं.

अशाच एका पाण्याच्या दिवशी सकाळी मी खड्डा साफ करायला वाकले आणि कमरेला खोचलेला फोन खाली पडला. तळाशी वीतभर गढूळ पाणी होतं. फोन काढला, पुसला. चालू होता. बॅटरी अकरा टक्के. चार्जर लावला तर पडद्यावर पाण्याचा थेंब उमटला आणि खाली सूचना आली, की चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जर काढा. मी काढला.

फुलंब्रीहून आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई बघत होत्या.

"आजी, ज्वारीच्या कोठीत खुपसू का? माझ्या भाच्यानं तांदळात ठेवला व्हता."

"मग झाला सुरू?"

"नाय. पण भात चांगला झाला."

कोठीतल्या ज्वारीला किडे लागू नयेत म्हणून मी पावडर चोळली होती. ती पोर्टमध्ये गेली असती तर फोनलाही किडे लागले नसते, एवढाच फायदा. फोनसोबत आलेली पुस्तिका मी फायलीत लावून ठेवली होती, ती काढली. फोन बंद करा. पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, म्हणजे आतलं पाणी बाहेर येईल. मग हवेशीर जागी ठेवा. आत काडी, कापूस, टाचणी घालू नका, ड्रायरची गरम हवा मारू नका, धान्यात ठेवू नका, त्याची पूड आत चिकटते. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर नको.

सगळं पटलं. अडचण पहिल्याच वाक्याची होती. फोन बंद केला तर लाइनमनचा फोन येणार कुठे?

"समोरच्या वहिनींचा नंबर द्या की त्याला," ताई म्हणाल्या.

समोरच्या वहिनी मला 'आकाशवाणी' म्हणायच्या. मी फोन चालूच ठेवला, पोर्ट खाली करून पंख्याखाली खुर्चीला टेकवला आणि समोर बसले. नऊ टक्के. सात. ताई रिकामे हंडे एकेक करून माझ्यासमोर आणून ठेवू लागल्या.

पाच टक्क्यांवर मी लाइनमनला फोन लावला आणि वहिनींचा नंबर दिला.

"बरं झालं मावशी सांगितलं," तो म्हणाला. "आज लई टाइम सोडायचं नाय."

मग फोन बंद केला.

दुपारी चारला गल्लीत घण घण आवाज झाला. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून लाटण्याने स्टीलचं ताट बडवत होत्या. "सोडलंय गं बायांनो! उतरा खाली!" मिनिटभरात बारा खड्ड्यांत बारा माणसं उतरली. मग त्या आमच्या फाटकाशी आल्या.

"मॅडम, उतरलात का? का कुणाचा नमस्कार राहिलाय?"

"उतरले," मी खड्ड्यातून म्हणाले.

गल्लीच्या टोकाच्या घराची टाकी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण भरली. माझ्या यादीत ते घर शेवटचं. तिथपर्यंत निरोप पोचायला पंधरा मिनिटं लागत. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं.

आपली कोरडी हवा इतर कशाला उपयोगी नसली तरी पोर्ट तिने रात्रीतून सुकवला. सकाळी चार्जर लावला, थेंब आला नाही. मी लाइनमनला कळवलं, की आता फोन ठीक आहे, पूर्वीसारखा इकडेच करा.

"मावशी, राग नका मानू," तो म्हणाला, "पण तिकडंच करू द्या. त्या ताट वाजवत्यात, मंग 'आमाला कळलंच नाय' म्हणून कुणी मला शिव्या देत नाय."

मी बरं म्हटलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी फोन शंभर टक्के चार्ज होता आणि दिवसभर वाजला नाही. संध्याकाळी मी त्याच आठवड्यात दुरुस्त झालेल्या लँडलाइनवरून माझ्याच फोनचा नंबर लावून पाहिला. वाजला.